वाळपईची चवथ : माटोळीखालचे सात दिवस

गुरुवार, ५ सप्टेंबर २०२४

मडगावहून सकाळी निघून, फोंड्याला बस बदलून आणि उसगाव मागे टाकून आम्ही म्हादईचा पूल ओलांडला, तेव्हा पाऊस इतका दाट होता की नदीचा पलीकडचा काठही नीट दिसत नव्हता. आमचे व्हडले घर, म्हणजे वाडवडिलांचे मोठे घर, उत्तर गोवा जिल्ह्यातील सत्तरी तालुक्याच्या मुख्यालयात, वाळपईत आहे. शहराची घरे संपून कुळागरे, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, सुरू होतात त्या कडेला. वडील १९६४ साली नोकरीसाठी मडगावला गेले आणि तेव्हापासून आमची शाखा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, दीड दिवसाची पाहुणी झाली. चतुर्थीच्या सकाळी यायचे, पंगतीला बसायचे, रात्री आरत्या म्हणायच्या आणि पंचमीला जेवून परतायचे, हा आमचा साठ वर्षांचा क्रम. यंदा मी निवृत्त झालो आणि पत्नीसह आधीच्या दोन दिवसांपासून विसर्जनापर्यंत राहायचे ठरवले. या घराची चवथ मी आजवर केवळ तयार झालेली पाहिली होती. ती घडते कशी, हे मला पाहायचे होते.

वाळपई लहान आहे. बसस्थानक, बाजार, नगरपालिका, पोलीस प्रशिक्षण विद्यालय, इस्पितळ, शाळा, देऊळ, मशीद आणि चर्च हे सगळे पायी फिरून तासाभरात पाहून होते. रेल्वे येथवर आलेली नाही. सत्तर गावांची म्हणून सत्तरी, असे जुने लोक सांगतात. त्या गावांतल्या माणसांचे बाजारहाट, दाखले, दवाखाना आणि शाळा ही सारी कामे याच शहरात होतात, त्यामुळे त्याच्या आकाराच्या मानाने येथील वर्दळ फार मोठी आहे. पुढे सह्याद्रीची भिंत असून तिच्यापलीकडे कर्नाटक आहे, तर उत्तरेला महाराष्ट्राचा दोडामार्ग. गोव्यात सर्वाधिक पाऊस नोंदवणाऱ्या ठिकाणांत वाळपईचे नाव नेहमी असते आणि आज त्या नावाला साजेल असाच पाऊस पडत होता.

तरीही बाजार भरला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या ताडपत्र्यांखाली डोंगराकडच्या गावांतून आलेल्या बायका माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचे, सामान मांडून बसल्या होत्या : कांगलांचे घोस, माट्टीच्या फळांच्या डहाळ्या, केशरी कवंडळे, हलवल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, शेरवडाची पांढरी पाने. मी मडगावहून मिठाईचा मोठा डबा आणला होता. काकीने तो घेतला, देवघराच्या फडताळात ठेवला आणि पत्नीच्या हातातली पिशवी पाहून विचारले, “रानातले काही आणलेस?” काहीच आणलेले नव्हते. तिने पुढे काही म्हटले नाही आणि ती चहा टाकायला वळली.

रात्री मोजले तेव्हा घरात २६ माणसे होती. उद्या परवा त्यात आणखी भर पडणार होती.

शुक्रवार, ६ सप्टेंबर (तय)

आज हरितालिका; इकडे तिला तय म्हणतात. घरातल्या सवाष्णींचा उपास होता आणि त्याच बायका पहाटे चारपासून उद्याच्या कामाला लागल्या होत्या. नारळ खोवणे, गूळ किसणे, नेवऱ्यांचे सारण परतणे, तांदळाचे पीठ चाळणे ही कामे त्यांनी उपाशीपोटी केली, मधेच सोवळ्याने गौरी-महादेवाची पूजा केली आणि पुन्हा त्या आपापल्या पाटावर जाऊन बसल्या. मला हे पाहून अवघडल्यासारखे झाले आणि ते मी येथे स्पष्ट लिहितो. आजवर या घरात मी जे जे गोड खाल्ले, त्यामागे असे उपाशी हात होते.

पुरुषांचे आजचे काम माटोळीचे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की गणपती बसतो त्याच्या बरोबर वर, छताला टांगलेली लाकडाची किंवा बांबूची चौकट म्हणजे माटोळी. तिला आंब्याचे टाळ बांधतात आणि पावसाळ्यात रानात, परसात, कुळागरात जे जे पिकते ते टांगतात : नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, केळ्यांचा घड, चिबूड, तवशी, दोडकी, सात शिरांचे भेंडे, आंबाडे, नीरफणस, तोरंजन आणि वर सांगितलेली सगळी रानफळे. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळी सजावटीची स्पर्धा घेते आणि तीत भाग घेणारी घरे शेकडो प्रकार जमवतात. आमचे घर स्पर्धेत कधी उतरले नाही. आमच्या माटोळीचा हिशेब वेगळा आहे, हे मला आज कळले.

काकीचे वय ८१. दोन पुतण्ये शिडीवर चढलेले, चौकट केवणीच्या सालीच्या दोरांनी आढ्याला घट्ट बांधलेली, आणि काकी खाली खुर्चीत बसून एकेक वस्तू त्यांच्या हाती देत होती. देताना ती वस्तूचे नाव घेत नव्हती, आणणाऱ्याचे नाव घेत होती. हे करमळीच्या नणंदेचे, असे म्हणून शिपटे वर गेले. हा घड शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाचा. त्यांच्या आजोबांनी काकांबरोबर कुळागर शिंपले, तेव्हापासून पहिला घड आमच्याकडे येतो आणि नाताळात आमच्याकडून नारळ त्यांच्याकडे जातात. हे चिबूड धाकट्या जावेच्या माहेरचे. ह्या घागऱ्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या मुसलमान बाईच्या मुलाने डोंगरावरून आणल्या, कारण तो आमच्या पुतण्याच्या वर्गात होता. माट्टी आणि कांगलां मात्र दर वर्षी एकाच घराची, धनगरवाड्यावरच्या. त्यांना त्याबद्दल पैसे दिले तर ते घेत नाहीत, पण पंचमीला त्यांच्या घरी शिधा पोहोचतो.

मी वही काढली आणि लिहू लागलो. संध्याकाळपर्यंत ५८ वस्तू आणि ४१ घरे झाली. एवढ्या घरांशी आपले नाते आहे, हे मला साठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष आहे हे मी शाळेत पाठ केले होते. तिचे पंखांसारखे काठ असलेले फळ हातात घेऊन मी पहिल्यांदा पाहिले ते आज. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले आणि २०८ चौरस किलोमीटर रान त्यात आले, त्यामुळे डोंगराची वरची बाजू पुष्कळशी टिकून आहे. पण घरांच्या जवळचे रान, जेथे मुले शाळा सुटल्यावर सहज जाऊन फळे काढत, ते काजूच्या आणि रबराच्या लागवडीखाली गेले, असे पुतण्याने सांगितले. पूर्वी परड्यामागे मिळणारे कवंडळ आता तीन तास चालून आणावे लागते.

माटोळीच्या मध्यभागी एक जागा रिकामी राहिली होती. तेथे तोरंजन, म्हणजे लिंबाच्या जातीचे मोठे फळ, टांगतात. ते नगरगावाकडचा एक वृद्ध गवंडी आणून देत असे. या घराची मागची भिंत त्यानेच बांधलेली. तो या पावसाळ्यात वारला. पुतण्या धावत बाजारात गेला आणि तोरंजन विकत घेऊन आला. काकीने ते हातात घेतले, वास घेतला आणि कोणाचेही नाव न घेता वर दिले.

शनिवार, ७ सप्टेंबर (चतुर्थी)

पहाटे पाचला आम्ही सात जण चित्रशाळेत गेलो. गोव्यात मूर्तिकाराच्या कार्यशाळेला चित्रशाळा म्हणतात. मूर्ती चिकणमातीची, आमचा पाट महिनाभर आधी तेथे पोहोचलेला असतो आणि त्याच पाटावर ती घडते. मूर्तिकारापुढे नारळ, विडा, तांदूळ आणि दक्षिणा ठेवून, पाट डोक्यावर घेऊन निघायचे. रस्त्यात अशीच डोकी आणि असेच पाट चारही दिशांना चालले होते, वरून छत्र्या धरलेल्या, आणि ज्या त्या घराची मुले टाळ वाजवत पुढे धावत होती. पावसाने त्या अर्ध्या तासात उघडीप दिली.

प्राणप्रतिष्ठा झाली आणि मी स्वयंपाकघरात गेलो. चुलीवर मोठ्या हंड्यात खतखते शिजत होते. तूरडाळ, ओल्या खोबऱ्याचे वाटप, तिरफळे आणि मिळतील तितक्या भाज्या हा त्याचा पाया. आज वहिनींनी १४ भाज्या मोजून दाखवल्या. शेजारी अळूची भाजी, मुगागाठी, चण्याच्या डाळीचे मणगणे, भात, वरण, तोंडाक. नेवऱ्या तळणारी पुतणी वेर्ण्याच्या औषध कारखान्यात काम करते; तिला दोनच दिवसांची रजा होती आणि ती काल रात्री अकराला पोहोचून आज चारला उठली होती. मी खोबऱ्याची आदोळी मागून घेतली. आधी सगळ्यांनी नाही म्हटले, मग वहिनींनी जागा करून दिली. मी २२ नारळ खोवले आणि संध्याकाळपर्यंत माझा उजवा खांदा वर उचलत नव्हता. याच वहिनी गेली तीस वर्षे दर चवथीला हे करत आल्या आहेत.

जेवायला तीन पंगती झाल्या आणि बायकांची पंगत शेवटी, साडेतीनला, बसली. ही रीत बदलली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. तसे मी तेथेच मोठ्याने म्हटले, आणि धाकट्या पिढीतले चार मुलगे उठून त्या शेवटच्या पंगतीला वाढायला लागले. काकी काही बोलली नाही. पण उठून जाणाऱ्या मोठ्या भावाला तिने हाक मारून भाताचे पातेले त्याच्या हाती दिले.

रात्री आठला आरत्या सुरू झाल्या. आमच्या घरात बोलणे कोकणीत. परंतु गाऱ्हाणे, आरती, भजन, नाटकाची संहिता आणि लग्नाची पत्रिका मराठीत, असे पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे आणि या दोन भाषांत आम्हाला कधी भांडण दिसले नाही. घुमट, शामेळ आणि कासाळे एकदा जमले की समोरच्याचा शब्दही ऐकू येत नाही. मातीच्या घटाच्या तोंडाला कातडे ताणून बसवलेले घुमट गोवा सरकारने २०१९ साली वारसा वाद्य म्हणून घोषित केले. पूर्वी ते कातडे घोरपडीचे असे. घोरपडीला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे वापरतात. जुने वादक म्हणतात की नाद थोडा जाड झाला. मला तो पुरेसा गोड वाटला, आणि घोरपडी जगल्या तर तेवढा फरक सोसावा. वाड्यावरची मुले एका घरातून दुसऱ्या घरात आरती म्हणत फिरतात; आमच्याकडे त्यांची फेरी रात्री साडेबाराला आली, त्यांना उसळ आणि लाडू दिले आणि ती पुढच्या घराकडे गेली. माझा डोळा लागला तेव्हाही दूर कुठेतरी घुमट वाजत होते.

रविवार, ८ सप्टेंबर (पंचमी)

सकाळी शेतावर जाऊन नवे आणले. नव्या भाताची पहिली कणसे कापून, पूजा करून, आंब्याच्या पानात बांधून ती मुख्य दारावर, तुळशीवृंदावनाला आणि धान्याच्या कणगीला लावतात. आता कणगीत बाजाराचा तांदूळ असतो आणि स्वतःचे शेत जेमतेम चार कोपऱ्यांचे उरले आहे. तरी कणसे स्वतःच्याच शेतातली हवीत, यावर काकीचा कटाक्ष होता.

एरवी या दिवशी आम्ही परतत असू. आज प्रथमच कळले की आमच्या पाठीमागे घराचा खरा दिवस सुरू होत असे. दीड दिवसाचे गणपती विसर्जित होऊन त्या घरची माणसे मोकळी झाली आणि ज्यांच्याकडे देव पाच दिवसांचा, त्यांच्याकडे येऊ लागली. दुपारी दोन ते रात्री दहा या वेळात किती माणसे आली ते मोजणे मी सोडून दिले. गेल्या वैशाखात लग्न झालेल्या पुतणीच्या सासरी आज वजे गेले : नारळ, नेवऱ्या, लाडू, फळे असे सगळे टोपल्यांत भरून, दोन गाड्यांतून. दुसरीकडे धनगरवाड्याकडे शिधा गेला आणि तो मी स्वतः नेला. तेथे मला बसवून ताक दिले आणि वडिलांची चौकशी केली. वडील जाऊन नऊ वर्षे झाली हे त्यांना ठाऊक होते. त्यांना ते कसे गेले, हे माझ्या तोंडून ऐकायचे होते.

संध्याकाळी बायकांनी फुगड्या घातल्या. ज्या बाईला मी तीन दिवस चुलीपुढे वाकलेली पाहिली होती, ती पदर खोचून दिवाणखान्याच्या मध्यभागी गरगर फिरत होती आणि तिचे गाणे बाकीच्या वीस जणी उचलत होत्या. पुरुष तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासत होते. कालच्या बोलण्याचा एवढा परिणाम झाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

सोमवार, ९ सप्टेंबर

पुतण्याबरोबर मोटारसायकलने ब्रह्मकरमळीला जाऊन आलो. तेथे ब्रह्मदेवाची दगडी मूर्ती आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडीतील देवळे पाडायला घेतली, तेव्हा तेथल्या करमळी गावच्या लोकांनी ही मूर्ती उचलून सत्तरीच्या रानात आणली आणि देवाबरोबर गावाचे नावही येथे आले. हा भाग पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला तो अठराव्या शतकात, म्हणून आमच्याकडची दैवते वाचली. गोव्यातली काही घराणी अजूनही मातीच्या मूर्तीऐवजी कागदावरचा गणपती किंवा पत्री पूजतात. मूर्ती लपवणे अशक्य होते त्या काळाची ती आठवण आहे. देवळात आमच्याशिवाय कोणी नव्हते. पुजाऱ्याने आमचे आडनाव ऐकून शिपटे पोहोचले का, असे विचारले, कारण ते पाठवणारी काकीची नणंद त्याची शेजारीण. वहीतील एक नाव असे रस्त्यात भेटले.

मंगळवार, १० सप्टेंबर

दिवसभर पाऊस. वीज दोनदा गेली. नोकरीवाले परतले आणि घरात १९ माणसे उरली. दुपारी मुलांनी पत्ते मांडले. मी काकीकडून वहीतल्या नोंदी तपासून घेतल्या आणि तिने सहा घरांची नावे दुरुस्त केली.

बुधवार, ११ सप्टेंबर (विसर्जन)

संध्याकाळी पाचला उत्तरपूजा झाली. मोठ्या भावाने गाऱ्हाणे घातले. त्यात घरातल्या प्रत्येकाचे, परगावी असलेल्याचे, आजारी असलेल्याचे नाव घेऊन मागणे मागतात. शेवटी त्याने मागची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचेही नाव घेतले आणि सगळ्यांनी होय महाराजा म्हटले. गेल्या वर्षी परीक्षेत नापास झालेला मुलगा यंदा पाट उचलणाऱ्यांत होता. वेळूस नदीला पाणी भरपूर होते, म्हणून मुलांना काठावर थांबवून चौघेच उतरले. मूर्ती पाण्यात गेली. पाटावर नदीची मूठभर वाळू घेऊन आम्ही परतलो आणि ती वाळू मखराच्या रिकाम्या जागी ठेवून पुन्हा आरती केली.

मग माटोळी उतरवली. काकी पुन्हा त्याच खुर्चीत बसली. चिबूड, केळी, नारळ वाडीतल्या मुलांना वाटले; शेजाऱ्यांच्या घडातली एक फणी परत त्यांच्याच घरी गेली; सुकलेल्या घागऱ्या एका पिशवीत घातल्या, कारण त्यांचे बी परड्याच्या कुंपणाला टाकायचे होते. माट्टीच्या डहाळ्या कुळागरात झाडांच्या बुंध्याशी ठेवल्या. सगळ्यात शेवटी तोरंजन खाली आले. काकीने ते माझ्या पत्नीच्या हातात दिले आणि मला म्हणाली, “बी काढून मडगावच्या परसात लाव. झाड फळाला येईपर्यंत बाजारातून आण. तोरंजन आता तुमचे.”

मी वही उघडून ५८व्या वस्तूसमोर आमचे नाव लिहिले. सकाळच्या सातच्या बसने आम्ही निघालो आणि फोंड्यापर्यंत त्या पिशवीचा वास आमच्या दोन्ही बाजूंच्या बाकांवर पसरलेला होता.